जर्मन कामगार आजी-आजोबांचं आयुष्य (१९०० ते १९४५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत स्थायिक झालेले, जर्मन घरात लग्न करून आलेले किंवा पुण्या-मुंबईत जर्मन शिकणारे मराठी लोक मला जुनी पत्रं, दाखले, फोटो पाठवतात, आणि त्यासोबत प्रश्न. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. एकदा सांगितलेलं परत सांगत बसलेलो नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘आजी-आजोबा’ म्हणजे नक्की कुठली पिढी धरायची?

साधारण १८८० ते १९०५ दरम्यान जन्मलेली. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या जर्मन माणसाचे ते आजी-आजोबा. तुमचा जोडीदार तिशी-चाळिशीतला असेल, तर त्याचे पणजी-पणजोबा किंवा त्याच्याही वरची पिढी. कैसर म्हणजे जर्मन सम्राट, पहिलं महायुद्ध, त्या सम्राटाची गादी घालवणारी १९१८ची क्रांती, १९२३ची महागाई, १९३२ची बेकारी, हिटलर आणि दुसरं महायुद्ध, हे सगळं या एकाच पिढीच्या वाट्याला आलं.

‘कामगार’ म्हणजे खाणीतले, गिरणीतले, लोखंडाच्या कारखान्यातले, गोदीतले, बांधकामावरचे आणि दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या मुली. कारकून यात येत नाहीत, त्यांना महिन्याचं घर चालवताना कितीही ओढाताण होवो. पैसे आठवड्याला मिळतात की महिन्याला, यावर माणसाची पायरी ठरायची. १९११ साली तर कारकुनांसाठी पेन्शनचा कायदाही वेगळा झाला.

२. हे लोक मूळचे शहरातलेच का? आडनाव पोलिश वाटतं, पण घरचे म्हणतात “आम्ही पक्के जर्मन.”

दोन्ही खरं असू शकतं. पूर्व प्रशिया, पोझेन, सायलेशिया हे तेव्हाच्या जर्मनीचे पूर्वेकडचे प्रांत. तिथल्या जमीनदारांच्या शेतावर राबणारी माणसं हजारोंनी बर्लिनला आणि पश्चिमेच्या रूर खोऱ्यातल्या कोळसा खाणींत आली. त्यांत पोलिश बोलणारे कॅथलिक होते, तसेच पूर्व प्रशियातल्या मसुरिया भागाचे लोकही होते. मसुरियन पोलिशची बोली बोलायचे, पण पंथाने प्रोटेस्टंट आणि प्रशियाच्या (जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या) राजाशी एकनिष्ठ. तुमच्या घरचे बहुधा या दुसऱ्या गटातले. रूरमधल्या गेल्झनकिर्शनच्या शाल्के क्लबाने १९३४ साली फुटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा संघाचे दोन मोठे खेळाडू होते कुत्सोरा आणि शेपान. दोघांचीही घराणी मसुरियातून आलेली. पुढे अनेकांनी आडनावाचं स्पेलिंग जर्मन वळणाचं करून घेतलं, त्यामुळे जुन्या दाखल्यात वेगळं आडनाव दिसलं तर लगेच ‘हा दुसराच कोणी’ असं ठरवू नका.

सॅक्सनीची गोष्ट वेगळी. तिथे विणकरांच्या गावांतच गिरण्या उभ्या राहिल्या. लोक जागेवरच राहिले आणि हातमागावरून यंत्रमागावर गेले.

३. घर कसं असायचं? आपल्या चाळीसारखं?

बर्लिनपुरतं बोलायचं तर गिरणगावात वाढलेल्या माणसाला पुष्कळ काही ओळखीचं वाटेल: एक खोली आणि स्वयंपाकघर, संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर किंवा खाली चौकात, तोही चार-पाच बिऱ्हाडांत एक. फरक उजेडाचा. चाळीला निदान गॅलरी असते. बर्लिनच्या भाड्याच्या इमारती रस्त्यापासून आत आत, एका चौकामागे दुसरा चौक अशा बांधलेल्या. १८५३च्या नियमाप्रमाणे चौक किमान ५.३४ मीटर लांब-रुंद असला की पुरे, कारण तेवढ्यात आग विझवण्याचा पंप वळवता यायचा. माणसांना ऊन मिळतं की नाही, याचा त्या मापाशी संबंध नव्हता. वेडिंग भागात आकरश्ट्रासवर मायर्स होफ नावाची इमारत १८७४च्या सुमारास उभी राहिली. तिला एकामागे एक सहा चौक होते आणि गर्दीच्या काळात तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं राहायची.

भाडं जितकं कमी तितकी खोली मागच्या चौकात, तळघरात किंवा छपराखाली. सगळ्यांत स्वस्त सोय म्हणजे नुकत्याच बांधलेल्या इमारतीत गिलावा ओला असताना राहायला जायचं. भिंती सुकेपर्यंत नाममात्र भाडं, सुकल्या की बाड-बिस्तरा उचलायचा. क्षयरोग का फोफावला, हे वेगळं सांगायला नको.

रूरमध्ये चित्र निराळं. ओबरहाउझेनची आइझेनहाइम ही वसाहत १८४६ पासूनची, आणि आजही तिथे जाऊन पाहता येते. बैठी-दुमजली घरं, मागे वाफे, डुकराचं किंवा शेळीचं खुराडं. शेळीला ‘खाणकामगाराची गाय’ म्हणत. बर्लिनच्या मानाने हे सुखच. पण घर कंपनीचं. संपात उतरलात किंवा नोकरी गेली, तर घरही जायचं. कंपन्यांचा चांगुलपणा म्हणून या वसाहती दाखवल्या जातात, तेव्हा हे कलम सहसा गाळलेलं असतं.

४. १९०७च्या बर्लिनच्या पत्त्यांच्या पुस्तकात आजोबांचं नावच नाही. ते तिथे राहतच नव्हते का?

राहत असतील. त्या पुस्तकांत घरटी मुख्य भाडेकरूचं नाव यायचं. एकटे तरुण कामगार बहुधा कोणाच्या तरी बिऱ्हाडात फक्त झोपायची जागा भाड्याने घेत, कधी अख्खी खाट तर कधी पाळीने अर्धी: हा रात्रपाळीला गेला की तो झोपणार. अशा माणसाचं नाव छापलं जात नसे. लग्न झालेल्या बाईचं नाव नवऱ्याच्या नावाखाली बुडायचं. विधवा झाली की मात्र तिचं नाव एकदम पुस्तकात उगवतं, आणि त्यावरून नवरा कधी गेला याचा अंदाज बांधता येतो.

शिवाय लोक सतत घर बदलत. भाड्याचे करार १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला संपायचे, त्या दिवशी हातगाड्यांवर सामान लादून अर्धं शहर रस्त्यावर. लागोपाठ दोन वर्षांत एकच पत्ता सापडला तर नशीब समजा.

५. शाळा किती शिकले? कामाला कधी लागले?

आठ वर्षं, सहा ते चौदा. प्रशियात सरकारी प्राथमिक शाळेची फी १८८८ पासून बंद झाली होती, त्यामुळे लिहिता-वाचता जवळपास सगळ्यांना येई. एका वर्गात साठ-सत्तर मुलं आणि मास्तरांची छडी. चौदाव्या वर्षी प्रोटेस्टंट मुलामुलींची चर्चमध्ये दीक्षा, नवे काळे कपडे, एक फोटो, आणि लगेच काम. घरात तुम्हाला सापडलेला सर्वांत जुना फोटो बहुतेक त्याच दिवसाचा असेल.

मुलगा नशीबवान असेल तर तीन-चार वर्षं उमेदवारी करून लोहार, सुतार, छपाईवाला होई. नाहीतर बिगारी. मुलगी दुसऱ्याच्या घरी (प्र. ८). १९०३च्या कायद्याने लहान मुलांच्या कामावर बंधनं आली, पण शाळेआधी पाव टाकणं, वर्तमानपत्रं वाटणं, घरी आईबरोबर माल तयार करणं, हे चालूच राहिलं.

६. पगार किती असायचा? भागायचं का?

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर उद्योगातल्या कामगाराची सरासरी कमाई वर्षाला हजार मार्कांच्या थोडी वर होती. कसबी माणसाला जास्त, बाईला बरीच कमी. १९०७ साली सरकारने ८५२ कुटुंबांना वर्षभर घरखर्चाच्या वह्या लिहायला लावल्या. त्यांतल्या कामगार घरांत निम्म्याहून थोडा अधिक पैसा नुसत्या खाण्यात जात होता. खाणं तरी काय, तर बटाटा, राय या धान्याचा काळपट पाव, लोण्याऐवजी मार्जरीन किंवा डुकराची चरबी, खारवलेला हेरिंग मासा, आणि कॉफीच्या नावाखाली भाजलेलं जव किंवा चिकोरी. मांस रविवारी, आणि त्यातला मोठा तुकडा बापाच्या ताटात.

दुपारचं जेवण डब्यातून. एनॅमलचा, वर कडी असलेला तो डबा पुष्कळ घरांत अजून सापडतो. बायको किंवा मुलगी तो गरम गरम कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचवायची.

७. आजीच्या सगळ्या कागदांवर ‘व्यवसाय: नाही’ असं आहे. म्हणजे ती घरीच होती ना?

हा रकाना वाचून फसू नका. ती घरी होती म्हणूनच तिचं काम कागदावर आलं नाही. बर्लिनच्या तयार कपड्यांच्या धंद्याचा डोलारा स्वयंपाकघरातल्या शिलाई मशीनवर उभा होता. ठेकेदार कापलेले तुकडे आणून द्यायचा आणि नगावर पैसे मोजायचा. थुरिंगियात झोनेबर्गच्या आसपास घरोघरी बाहुल्या बनत आणि त्यात पाच-सहा वर्षांच्या मुलांचे हात लागत. याशिवाय भाडेकरूची खाट (प्र. ४), त्याचे कपडे, त्याची सकाळची कॉफी, हेही तिच्याकडेच.

आणि धुणं. साधारण महिन्यातून एकदा इमारतीच्या सामाईक धुण्याच्या खोलीची पाळी यायची. आदल्या रात्री कपडे भिजत घालायचे, पहाटे चार वाजता हंड्याखाली कोळसा पेटवायचा, चादरी उकळायच्या, लाकडी दांड्याने ढवळायच्या, पन्हळी पत्र्याच्या फळीवर घासायच्या, दोन-तीन पाण्यांतून काढून पिळायच्या आणि ओल्या कपड्यांच्या टोपल्या चार मजले चढवून माळ्यावर वाळत घालायच्या. १९०७ साली ड्युसेलडॉर्फच्या हेंकेल कंपनीने ‘पर्सिल’ आणलं. जाहिरातीत ते नुसतं उकळलं की कपडे आपोआप पांढरे होत. घासण्याचे श्रम खरोखर कमी झाले, पण टोपल्या जिन्यावरून तशाच चढवायच्या होत्या.

घरात मुलं चार, सहा, आठ. १९००च्या आसपास जर्मनीत जन्मलेल्या दर पाच बाळांतलं एक वर्षाच्या आत जायचं. कुटुंबाच्या नोंदवहीत एकच नाव दोन भावंडांना दिलेलं दिसलं तर ती लेखनिकाची चूक नव्हे. पहिलं मूल गेलं आणि त्याचं नाव पुढच्याला दिलं.

८. आजीचं एक छोटं पुस्तक सापडलं. त्यात मालकिणींच्या सह्या आणि शेरे आहेत. हे काय?

मोलकरणीचं सेवापुस्तक. प्रत्येक नोकरी सोडताना मालकीण त्यात कधीपासून कधीपर्यंत आणि वागणूक कशी ते लिहायची, आणि वाईट शेरा म्हणजे पुढची नोकरी अवघड. प्रशियात घरगड्यांना १८१०चा गडी-कायदा लागू होता, त्यामुळे कारखान्यातल्या बाईला मिळालेली कामाच्या तासांची मर्यादाही मोलकरणीला नव्हती. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती हाकेच्या अंतरावर. झोपायला बर्लिनमध्ये कित्येकदा स्वयंपाकघर किंवा न्हाणीघराच्या वरचा पोटमाळा, तिथे ताठ उभंही राहता येत नसे. हा कायदा नोव्हेंबर १९१८च्या क्रांतीने रद्द केला, तोही पहिल्या काही दिवसांतच.

९. जर्मन लोकांची शिस्त या पिढीत आधीपासूनच होती का? आमच्याकडे तर जन्मजात म्हणतात.

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि माझा सगळ्यांत नावडता. कसली जन्मजात! गावाकडून आलेला मजूर उन्हाच्या आणि हंगामाच्या वेळेने चालायचा. कारागिरांत तर रविवारची उतरेपर्यंत सोमवारी दांडी मारायची जुनी रीत होती. घड्याळ अंगवळणी पडलं ते दंडाने. १८९१च्या कायद्याने वीस किंवा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्याला लेखी नियमावली लावणं सक्तीचं झालं. उशीर, बोलणं, यंत्राजवळ धूम्रपान, सगळ्याला दंड, साधारणपणे अर्ध्या दिवसाच्या मजुरीपर्यंत. ठरल्या वेळेला फाटक बंद. घरी इमारतीचे नियम: सतरंज्या कधी झटकायच्या, मुलांनी चौकात खेळायचं नाही, जिना कोणाच्या पाळीत कोणी पुसायचा. दोन्हीकडे मोडला नियम तर पैसा किंवा छप्पर जाणार.

पण हा अर्धाच भाग. दुसरी शिस्त त्यांनी स्वतः कमावली, ती युनियनची वर्गणी, संपातली एकजूट, ग्राहक सोसायटीचं पासबुक (प्र. ११). सॅक्सनीतल्या क्रिमिचाउ गावी १९०३च्या ऑगस्टमध्ये गिरणी कामगार दहा तासांच्या दिवसासाठी बाहेर पडले आणि जानेवारीपर्यंत टिकले. मागणी मान्य झाली नाही. आठ तासांचा दिवस आला १९१८च्या नोव्हेंबरात. वरून लादलेली शिस्त आणि आपणहून बांधलेली शिस्त एका मापाने मोजली, तर या माणसांचं श्रेय फुकट मालकांच्या खात्यात जमा होतं.

१०. तिकिटं चिकटवलेलं एक जाड कार्ड सापडलं. टपालाची तिकिटं नाहीत ही.

पेन्शनचं कार्ड. १८८९चा कायदा १८९१ पासून लागू झाला. दर आठवड्याच्या हप्त्याचं एक तिकीट, निम्मा पैसा कामगाराचा, निम्मा मालकाचा. पेन्शन मिळाल्यावर सरकार वर्षाला ५० मार्कांची भर घालणार. वय मात्र सत्तर! १९०१-१० च्या आकड्यांप्रमाणे मुलग्याचं जन्मावेळचं सरासरी आयुर्मान पंचेचाळीसच्याही थोडं आत होतं. बालमृत्यू वगळले तरी सत्तरी गाठणारा कामगार विरळाच, म्हणून प्रत्यक्षात या कायद्याचा आधार झाला तो काम करायला असमर्थ झालेल्यांना. १९१६ साली वय पासष्टवर आणलं.

कार्ड फेकू नका. तिकिटाच्या रंगावरून आणि किमतीवरून पगाराचा वर्ग कळतो आणि रिकाम्या जागांवरून बेकारी, आजारपण किंवा तुरुंग.

आजारपणाचा विमा त्याच्याही आधीचा, १८८३चा. त्यात दोन तृतीयांश हप्ता कामगार भरायचे, म्हणून कारभारातही त्यांची दोन तृतीयांश मतं असत. तेव्हाचा चान्सलर बिस्मार्क याने समाजवाद्यांची हवा काढायला हे विमे आणले आणि समाजवादी कार्यकर्ते याच स्थानिक विमा मंडळांत जाऊन कारभार शिकले.

११. सगळे कामगार ‘लाल’ होते का?

नाही. बर्लिन, हँबुर्ग, सॅक्सनी हे समाजवाद्यांचे गड. १९१२च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट पक्षाला ३४.८ टक्के मतं आणि ३९७ पैकी ११० जागा मिळाल्या, सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष. रूरमधला कॅथलिक खाणकामगार मात्र बहुधा सेंट्रम या कॅथलिक पक्षाला मत द्यायचा आणि ख्रिस्ती युनियनमध्ये असायचा. प्रशियाच्या विधानसभेत मताचं वजनच करावर ठरे: १९०८ साली समाजवाद्यांना जवळपास चौथा हिस्सा मतं आणि जागा सात. बायकांनी पहिल्यांदा मत दिलं ते १९ जानेवारी १९१९ला.

पक्ष म्हणजे नुसती निवडणूक नव्हे. कामगारांचे गायन संघ, व्यायामशाळा, सायकल क्लब, वाचनालयं, ग्राहक सोसायट्या असा पाळण्यापासून अंत्यविधीपर्यंतचा पसारा होता. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ला श्टुटगार्टच्या ज्या समाजवादी परिषदेत भारताचा ध्वज फडकवला, तिचं यजमानपद याच पक्षाकडे होतं.

१२. पहिल्या महायुद्धाबद्दल घरात फक्त ‘सलगमचा हिवाळा’ एवढंच सांगतात. काय होतं ते?

१९१६-१७चा हिवाळा. ब्रिटिश नाकेबंदीने बाहेरचं अन्न बंद, त्यात बटाट्याचं पीक बुडालं. बर्लिनमध्ये १९१५ पासूनच पाव कार्डावर मिळत होता, आणि त्यातही बटाटा मिसळलेला. आता बटाट्याऐवजी सलगमच्या जातीचा पिवळट कंद आला, एरवी गुरांना घालायचा. त्याचंच सूप, त्याचीच भाजी, त्याचाच मुरांबा, वाळवून कुटून त्याचीच कॉफी. रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका दिवसा दारूगोळ्याच्या कारखान्यात. कित्येक घरांत हा कंद पुढे कधीच शिजला नाही. पुरुषांच्या आठवणी बहुधा मुक्याच राहिल्या. जर्मनीचे सुमारे वीस लाख सैनिक मेले.

१३. जर्मन पणजोबांच्या १९१६च्या पोस्टकार्डावर ‘अहमदनगर’ लिहिलंय. हे आपलंच नगर?

हो, आताचं अहिल्यानगर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथे मोठी छावणी उभारून भारतातले आणि आसपासचे जर्मन-ऑस्ट्रियन नागरिक, खलाशी आणि पूर्व आफ्रिकेतून पकडलेले लोक ठेवले. व्यापारी आणि मिशनरी बरेच, पण जहाजावरचे साधे खलाशी आणि कारागीरही होते. रेड क्रॉसची त्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन पाहता येतात, शोध तिथून सुरू करा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीलाही नगरला जर्मनांची छावणी होती, तेव्हा कार्डावरचं साल नीट वाचा.

१४. पेटीत कोट्यवधी मार्कांच्या नोटा निघाल्या! विकल्या तर?

फारसं काही मिळणार नाही. १९२३ साली त्या ढिगाने छापल्या गेल्या. १५ नोव्हेंबरला नवा रेंटनमार्क आला, तेव्हा एका रेंटनमार्कला एक लाख कोटी कागदी मार्क मोजावे लागत. नोटेवर ‘बिलियन’ असेल तर ते जर्मन मोजणीतलं, म्हणजे लाख कोटी.

या महागाईत मध्यमवर्गाची पुंजी गेली, कामगाराकडे पुंजीच नव्हती, असं सांगतात. पूर्ण खरं नाही. अंत्यविधीसाठी वर्षानुवर्षं भरलेला फंड, मुलीच्या लग्नाचे पैसे, युद्धात देशासाठी म्हणून घेतलेले रोखे, सगळं शून्य झालं. पगार आठवड्याऐवजी दर एक-दोन दिवसांनी द्यावा लागे आणि बायका फाटकाशी उभ्या, हातात पडला की दुकानाकडे धाव. भाडी कायद्याने बांधलेली असल्याने घर तेवढं जवळजवळ फुकट पडलं.

१५. आजोबा नाझी होते का, हे कसं कळणार?

हा प्रश्न लोक शेवटी, दबकत विचारतात. आधी काळ लक्षात घ्या: १९३२च्या सुरुवातीला जर्मनीत नोंदलेले बेकार साठ लाखांवर होते. १९३३ साली १ मे हा पगारी सुटीचा दिवस जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी, २ मेला, युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन पुढाऱ्यांना पकडलं. मार्च १९३३च्या दडपणाखालच्या निवडणुकीतही सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट मिळून सुमारे तीस टक्के मतं पडली होती. आजोबा त्यांत असतील, नसतीलही. कामगार म्हणजे विरोधकच, अशी समजूत करून घेऊ नका.

युनियनच्या जागी नाझींनी आणलेल्या जर्मन श्रमिक आघाडीचं पुस्तक सापडलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण नोकरी टिकवायची तर त्यातून सुटका नव्हती. नाझी पक्षाच्या सदस्यत्वाची कार्डं वेगळी. ती १९४५ साली म्युनिकजवळच्या कागद गिरणीत लगदा व्हायला गेली होती, तिथून वाचली. आज बर्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अर्ज करून मिळतात. प्रवेशाची तारीख बघा: १९३० आणि १९३७ यांत मोठा फरक आहे. युद्धानंतर अमेरिकनांच्या ताब्यातल्या विभागात राहत असतील तर नाझींशी संबंध तपासण्यासाठी भरून घेतलेला १३१ प्रश्नांचा फॉर्मही त्या प्रांताच्या अभिलेखागारात असू शकतो. त्यातली उत्तरं स्वतःचीच, हे ध्यानात ठेवून वाचा.

१६. पत्रांतलं अक्षर जर्मन येणाऱ्यालाही वाचता येत नाही. ही झ्युटरलिन लिपी का?

१९१५च्या आधी शाळा संपली असेल तर नाही. झ्युटरलिन प्रशियाच्या शाळांत १९१५ पासून आली. त्याआधीची ती कुरेंट. दोन्हींत ‘e’ हे अक्षर ‘n’सारखं दिसतं, आणि ‘u’ ओळखायचा तो डोक्यावरच्या कमानीवरून. १९४१ साली या लिप्या शाळांतून काढल्या. आठवडाभर रोज एक पान उतरवून काढलं की हात बसतो. यंत्राकडून वाचून घेतलंत तरी नावं आणि गावं स्वतः तपासा.

१७. दाखले कुठे मिळतात?

सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंद प्रशियात ऑक्टोबर १८७४ पासून, साऱ्या देशात १८७६ पासून. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. जन्माची नोंद ११० वर्षांनी, विवाहाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षांनी अभिलेखागारात जाते आणि कोणालाही पाहता येते. त्याआधी थेट वारस असल्याचा पुरावा लागतो. सूनबाई किंवा जावई म्हणून अर्ज करू नका, जोडीदाराच्या सहीने करा.

गाव आज पोलंडमध्ये असेल तर वह्या पोलिश अभिलेखागारात, काही बर्लिनच्या नोंदणी कार्यालय क्र. १ मध्ये. पहिल्या महायुद्धातल्या प्रशियन सैनिकांच्या फायली एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमच्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. मृत-जखमींच्या छापील याद्या तेवढ्या आहेत. बव्हेरियाच्या सैनिकांच्या वह्या मात्र म्युनिकला शाबूत.

१८. आजोबांच्या जन्मदाखल्यात वडिलांचं नावच नाही. घरात कोणी बोलायला तयार नाही.

कामगार घरांत हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा आढळतं, विशेषतः आई मोलकरीण असेल तर. १९००च्या नागरी संहितेनुसार विवाहबाह्य मूल आणि त्याचा बाप कायद्याने एकमेकांचे नातेवाईकच नव्हते. बापावर सोळा वर्षांपर्यंत पोटगी देण्याची जबाबदारी तेवढी होती. १९७० मध्ये हे कलम गेलं.

दाखल्याची मूळ प्रत मागवा, टंकलिखित उतारा नको. आईवडिलांनी पुढे लग्न केलं असेल तर समासात तशी नोंद असते. ती नसेल तर त्या गावच्या कोर्टाच्या पालकत्वाच्या फायली शोधा. बाप नाव लावायला तयार नसला, तरी पोटगीच्या कागदावर त्याचं नाव, धंदा आणि पत्ता लिहिला जायचा.